दोघांचा एकच वेग

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

महिन्याभरापूर्वी एका शाळेत बोलायला गेलो होतो. बोलणं संपल्यावर सातवीतली एक मुलगी उभी राहिली आणि तिने विचारलं, "काका, हवेत तेल भरायची एवढी यातायात कशाला? खाली उतरायचं, टाकी भरायची, परत उडायचं." वर्गात हशा पिकला. मला मात्र तो प्रश्न मनापासून आवडला. हवाई दलाच्या इंजिनिअरिंग शाखेत माझी उमेदीची वर्षं गेली, त्यातली काही आग्र्याला. पण इतका सरळ प्रश्न मला तिथे कुणी विचारला नव्हता. तेवढ्यात घंटा झाली आणि मला दोन वाक्यांत आटपावं लागलं. ते राहिलेलं उत्तर आज तुमच्यासमोर पुरं करतो.

हवेत इंधन भरणं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लढाऊ विमानं येतात. सुखोई, राफेल, मागे लोंबणारी नळी, खाली ढग. आज त्यांना बाजूला ठेवू. मला बोलायचंय ते ओझं वाहणाऱ्या विमानांबद्दल आणि माणसं उचलून आणणाऱ्या हेलिकॉप्टरांबद्दल. त्यांची गरज वेगळी आहे आणि अडचणीही वेगळ्या आहेत.

आधी हिशेब. आपल्या हवाई दलाकडे अकरा सी-१७ ग्लोबमास्टर आहेत, दिल्लीजवळ हिंडनला. या विमानाचं रिकामं वजन साधारण १२८ टन. पोटात जास्तीत जास्त ७७ टन माल मावतो. टाक्या काठोकाठ भरल्या तर इंधन शंभर टनांच्या वर जातं. बेरीज करा, तीनशे टन ओलांडतात. पण धावपट्टी सोडताना या विमानाचं वजन २६५ टनांपेक्षा जास्त असून चालत नाही. म्हणजे माल पुरा घेतला की टाकी पुरी भरता येत नाही, जेमतेम साठ टन इंधन घेऊन निघावं लागतं. टाकी पुरी भरली तर माल खाली ठेवावा लागतो. धावपट्टी आखूड असेल, उंचावर असेल, हवा तापलेली असेल, तर ही ओढाताण आणखी वाढते. प्रत्येक मालवाहू विमानाच्या वैमानिकाला उड्डाणाआधी हा सौदा करावा लागतो: ओझं की अंतर?

हवेतला टँकर, म्हणजे दुसऱ्या विमानांना उडता उडता इंधन देणारं विमान, हा सौदा मोडून टाकतो. माल पुरा घ्या, इंधन बेताचं घ्या, उडा. थोडं जळलं की वर भरून घ्या. त्या मुलीला मी पहिलं हेच सांगायला हवं होतं, की हे फक्त लांब जाण्यासाठी नसतं, जड होऊन निघण्यासाठीही असतं.

दुसरं उत्तर तिच्याच वाक्यात दडलं होतं. "खाली उतरायचं." कुठे उतरायचं? कोण उतरू देणार?

ऑक्टोबर १९७३. अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि अमेरिकेने इस्रायलला शस्त्रसामग्री पोहोचवायला घेतली. अटलांटिक ओलांडून एका दमात मालासकट जाणं त्यांच्या विमानांना झेपणारं नव्हतं. मध्ये कुठेतरी टेकावं लागणार होतं. युरोपातल्या मित्रदेशांनी एकामागून एक हात वर केले. आमच्या धावपट्ट्या यासाठी मिळणार नाहीत, म्हणाले. शेवटी पोर्तुगालने अझोर्स बेटांवरचा लाजेस तळ वापरू दिला. बत्तीस दिवसांत ५६७ फेऱ्या झाल्या, बावीस हजार टनांहून अधिक माल गेला, आणि तो सगळा त्या एका बेटाच्या होकारावर टांगलेला होता. पोर्तुगालने नाही म्हटलं असतं तर?

त्या फेऱ्यांतली बहुसंख्य विमानं सी-१४१ जातीची होती आणि त्यांना हवेत इंधन घेण्याची सोयच नव्हती. अमेरिकी हवाई दलाला हा धडा जिव्हारी लागला. पुढच्या काळात त्यांनी ही विमानं अक्षरशः कापली, धडात सात मीटरचे तुकडे घालून लांब केली आणि डोक्यावर इंधन घ्यायची खोबण बसवली. असं एकदोन विमानांचं नाही, दोनशे सत्तर विमानांचं केलं. १९८२ पर्यंत ते काम चाललं. एवढा खर्च कुणी हौसेने करत नाही.

आता ही खोबण म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढे आपल्या देशाविषयी बोलताना ती लागणार आहे.

हवेत इंधन देण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत टँकरच्या शेपटीखाली लांब, कडक, आतून पोकळ दांडा असतो. त्याला बूम म्हणतात. त्याला छोटे पंख असतात आणि टँकरमध्ये बसलेला माणूस तो दांडा हाताने वळवून मागच्या विमानाच्या डोक्यावरच्या खोबणीत नेमका बसवतो. घेणाऱ्याने फक्त जागेवर स्थिर राहायचं. दांड्यातून इंधन धो धो येतं, म्हणून अवजड विमानांना ही पद्धत सोयीची.

दुसरीत टँकरमधून रबरी नळी सोडतात आणि तिच्या टोकाला टोपली असते. इंग्रजीत ड्रोग. घेणाऱ्या विमानाच्या नाकावर पुढे आलेली नळी असते, ती प्रोब. इथे टँकर काही करत नाही. घेणाऱ्याने स्वतः येऊन टोपलीत प्रोब खुपसायचा. आग्र्याला हँगरमध्ये ही टोपली मी हाताळलेली आहे. बॅडमिंटनचं फूल घ्या, ते बैलगाडीच्या चाकाच्या जवळपास जाईल एवढं मोठं करा आणि काठाला कापडी पट्टी लावा. लांबून नाजूक दिसते. उचलायला गेलात की दोन माणसं लागतात. आणि घासलेटाचा वास कधी जात नाही. विमानाचं इंधन घासलेटाच्याच घराण्यातलं, त्यामुळे हात कितीही धुतले तरी जेवताना तो वास घासाबरोबर येतोच.

नळी गुंडाळणारं जे रीळ असतं ना, ते मला नेहमी विहिरीवरच्या रहाटासारखं वाटत आलंय. फरक इतकाच की हा रहाट शहाणा आहे. मागचं विमान टोपलीत घुसून थोडं पुढे सरकलं की नळीत ढील पडते. ती ढील रिळाने तत्क्षणी गुंडाळून घ्यायची असते. क्षणभर उशीर झाला तर नळीतून लाट धावते, आपण अंगणात दोरीला झटका दिल्यावर धावते तशी, आणि ती लाट टोकाला पोहोचते तेव्हा प्रोबचं टोक मोडू शकते. म्हणून रिळाची तपासणी करणारा तंत्रज्ञ हा माझ्या लेखी वैमानिकाइतकाच त्या भेटीतला भागीदार असतो.

आता हेलिकॉप्टर.

हेलिकॉप्टरला दांड्याची पद्धत चालत नाही, डोक्यावर पंखा फिरतोय. टोपलीच हवी. पण टोपली सोडणारा टँकर हेलिकॉप्टरएवढा हळू उडणार कसा? बरीच वर्षं लोक म्हणत होते, हे व्हायचं नाही. अमेरिकी हवाई दलात हॅरी डन नावाचे एक मेजर होते, त्यांनी हा विचार लावून धरला. डिसेंबर १९६५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात चेरी पॉइंटला प्रयोग झाला. सी-१३० हर्क्युलिस या मालवाहू विमानाची टँकर आवृत्ती पुढे आणि सी-एच-३ हेलिकॉप्टर मागे. हेलिकॉप्टरच्या नाकावर नुसता दिखाऊ प्रोब लावला होता, इंधन वगैरे काही घेतलं नाही. फक्त टोपलीत शिरता येतं का, ते पाहिलं. शिरता आलं.

दीडच वर्षाने, ३१ मे १९६७ ला, त्याच घराण्यातली दोन एच-एच-३ई हेलिकॉप्टरं न्यूयॉर्कहून निघाली आणि कुठेही न टेकता पॅरिसला उतरली. नऊ वेळा हवेत इंधन घेतलं. वेळ लागला ३० तास ४६ मिनिटं. चार्ल्स लिंडबर्गला १९२७ मध्ये एकट्याने विमान घेऊन त्याच वाटेने जायला साडेतेहतीस तास लागले होते. चाळीस वर्षांनी हेलिकॉप्टर त्याच्या पुढे गेलं!

पण तो पॅरिसच्या विमान प्रदर्शनासाठी केलेला पराक्रम. खरं काम व्हिएतनाम आणि लाओसच्या जंगलांवर चाललं होतं. विमान पाडलं गेलं की वैमानिक पॅराशूटने झाडीत उतरायचा आणि त्याच्या मागावर दोन्ही बाजूंची माणसं निघायची. आधी बचाव हेलिकॉप्टरं लाओसमधल्या दुर्गम तळांवर पिंपांतून इंधन भरून थांबायची. बातमी आल्यावर निघायची. हर्क्युलिस टँकर आल्यावर ती हवेतच तासन् तास थांबू लागली. सांगण्यासारखी गोष्ट ही, की झाडीतल्या त्या माणसाला हेलिकॉप्टर किती लांबून आलं याच्याशी देणंघेणं नसतं. ते डोक्यावर किती वेळ थांबेल, एवढंच त्याला हवं असतं. त्याच्या लेखी इंधन म्हणजे वेळ.

आता ही भेट प्रत्यक्षात कशी होते ते जवळून पाहू. रात्र आहे. खाली समुद्र. उंची फार नाही, हजारभर फूट. हेलिकॉप्टर सरळ रेषेत उडत राहतं आणि टँकर मागून येऊन त्याला ओलांडून पुढे जातो. कित्येकांना वाटतं हेलिकॉप्टर टँकरचा पाठलाग करतं, तसं नसतं. पुढे गेल्यावर हर्क्युलिस आपले फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, बरेच खाली सोडतो आणि वेग उतरवतो, ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास. एवढ्या मोठ्या विमानाला हे हळू चालणं नकोसं असतं. आणखी थोडं हळू झालं की पंख हवा सोडणार. मागे हेलिकॉप्टर आपल्या वेगाच्या वरच्या टोकाला पोहोचलेलं असतं. आणखी जोर करायला त्याच्याकडे फारसं काही उरलेलं नसतं. लहान मुलाचा हात धरून बाप बाजारातून चालतो ना, बापाला पाय आखडावे लागतात आणि मूल दुडूदुडू पळत असतं, तसं. दोघांपैकी कुणालाही हा वेग मानवत नाही, पण दोघांना मिळून चालता येईल असा तेवढा एकच वेग असतो.

हळू वेगासाठी टोपलीही वेगळी लागते, जवळपास दुप्पट रुंद. नाहीतर एवढ्या मंद वाऱ्यात ती तरंगणारच नाही, गळून खाली लोंबेल. हेलिकॉप्टर डाव्या किंवा उजव्या पंखामागे येतं, प्रोब दुर्बिणीसारखा पुढे सरकवतं, म्हणजे टोक पात्यांच्या टप्प्याबाहेर जातं. मग माणसाच्या चालण्यापेक्षा जरा जास्त, एवढ्याच फरकाने पुढे सरकायचं. वर पाती फिरताहेत. समोर टोपली हवेत डोलते आहे. टोपली उडी मारून वर आली तर पात्यांत सापडेल. हर्क्युलिसच्या चार पंख्यांनी मागची हवा घुसळून टाकलेली. शिकवणारे सांगतात, टोपलीकडे टक लावू नकोस, टँकरकडे बघ. टोपलीचा पाठलाग करशील तर तीही पळेल आणि तूही डोलशील. हे ऐकलं तेव्हा मला सायकल शिकवणारे आमचे वडील आठवले. चाकाकडे बघू नकोस, रस्त्याकडे बघ, म्हणायचे.

आणि कधीकधी जमत नाही.

३० ऑक्टोबर १९९१. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर एक भयंकर वादळ घोंघावत होतं. न्यूयॉर्क राज्याच्या एअर नॅशनल गार्डचं एच-एच-६० जातीचं एक हेलिकॉप्टर, पुकारण्याचं नाव जॉली ११०, भर समुद्रात अडकलेल्या एका एकट्या खलाशाला आणायला गेलं. लाटा आणि वारा एवढा की खाली माणूस सोडणं अशक्य. ते परत फिरले. वाटेत टँकर भेटला. टँकर चोख वेळेवर होता, इंधन भरपूर होतं, दोन्हीकडची माणसं निष्णात होती. पण त्या हवेत टोपली एका जागी राहीना. वर जाई, खाली जाई, बाजूला फेकली जाई. पुन्हा प्रयत्न, पुन्हा प्रयत्न. टाक्या रिकाम्या होत आल्यावर वैमानिकाने निर्णय घेतला, पाण्यात उतरवायचं. पाच जण होते. चौघांना तटरक्षक दलाच्या तामारोआ या बोटीने काही तासांनी वर ओढलं. ही बोट दुसऱ्या महायुद्धातली, इवो जिमाच्या लढाईत काम केलेली. पाचवे, रिक स्मिथ, दुसऱ्यांना वाचवण्याचंच प्रशिक्षण घेतलेले पॅरारेस्क्यूमन. ते कधीच सापडले नाहीत.

मी हे सांगतो तेव्हा काही लोक विचारतात, मग या पद्धतीचा उपयोग काय? त्यांना मी त्याच तुकडीची पुढची गोष्ट सांगतो. डिसेंबर १९९४. साल्वादोर आयेंदे नावाचं युक्रेनचं मालवाहू जहाज उत्तर अटलांटिकमध्ये बुडालं, एकतीस माणसांसह. किनाऱ्यापासून एवढ्या लांब की कुठलंही हेलिकॉप्टर आपल्या टाकीवर तिथे जाऊन परत येऊ शकलं नसतं. तेच न्यूयॉर्कचे लोक, त्याच जातीची हेलिकॉप्टरं, कॅनडाच्या किनाऱ्यावरून निघाले. सुमारे पंधरा तास हवेत होते, दहा वेळा इंधन घेतलं. थंडगार पाण्यात तरंगणारा एक खलाशी त्यांना जिवंत मिळाला. त्यांनी त्याला उचलून आणलं. एकतीसांतला एक. दुसऱ्या एकाला एका जहाजाने वाचवलं. बाकीचे गेले. हा हिशेब मोठा आहे की छोटा, ते तुम्ही ठरवा; पाण्यातून वर आलेल्या त्या माणसाच्या घरी तो पुरता मोठा होता.

उंच डोंगरांवर या पद्धतीचा आणखी एक उपयोग होतो आणि तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी थक्क झालो होतो. उंचावर हवा विरळ, पंख्याला पकड मिळत नाही, हेलिकॉप्टरला एका जागी तरंगायचं तर ते हलकं हवं. मग काय करतात? टँकर जवळ आहे हे पक्कं असेल तर हेलिकॉप्टर आपलं इंधन हवेत सोडून देतं! हलकं होऊन वर जातं, जखमी गिर्यारोहकाला उचलतं, खाली येतं आणि टँकरकडून पुन्हा भरून घेतं. अलास्काच्या नॅशनल गार्डकडे हर्क्युलिस, हेलिकॉप्टर आणि पॅरारेस्क्यूमन अशी तिन्ही पथकं एकत्र आहेत ती याच कारणासाठी. मघाशी सी-१७ जड होऊन निघावं म्हणून टँकर होता. इथे हेलिकॉप्टर हलकं होऊ शकावं म्हणून टँकर आहे.

बापलेकाच्या चालण्याची गोष्ट केली, ती उलटी झाल्याचं एक उदाहरण सांगायलाच हवं. मला ते सगळ्यांत जास्त आवडतं.

१९८२, फॉकलंड बेटांवरून ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यात झालेलं युद्ध. ब्रिटिशांचा जवळात जवळचा तळ असेन्शन बेटावर, आणि तिथून फॉकलंड सव्वासहा हजार किलोमीटर. मध्ये दक्षिण अटलांटिक, दुसरं काही नाही. हर्क्युलिसला जाऊन परत येणं अशक्य. तेव्हा ब्रिटिश हर्क्युलिसला हवेत इंधन घेण्याची सोय नव्हती. केंब्रिजच्या मार्शल कंपनीने काही आठवड्यांत कॉकपिटच्या वर प्रोब बसवून दिले. पण इंधन देणार कोण? हँडली पेज व्हिक्टर. हे मुळात बाँबफेकी जेट, टँकर म्हणून वापरात होतं. आणि इथे अडलं. व्हिक्टरला जेवढं हळू उडता येत होतं, तेवढं जोरात हर्क्युलिसला त्या उंचीवर उडता येत नव्हतं. दोघांना मिळून एकही वेग नव्हता. आता हर्क्युलिस हे पळून थकलेलं मूल होतं आणि बाप त्याहून हळू चालूच शकत नव्हता.

यावर त्या वैमानिकांनी जी युक्ती काढली तिला ते टोबोगन म्हणत, बर्फावरून घसरायची घसरगाडी. साधारण २३,००० फुटांवर हर्क्युलिस नाक खाली करून उतरायला लागायचं. उतारावर सायकलला पायडल न मारता वेग येतो, तसा त्याला वेग यायचा. व्हिक्टर मागून, वरून येऊन पुढे व्हायचं आणि त्याच उताराने जायचं. दर मिनिटाला साधारण पाचशे फूट दोघं घसरताहेत आणि घसरता घसरता नळी जोडलेली. टाकीत इंधन येईल तसं हर्क्युलिस जड होतंय, जास्त जोर मागतंय, आणि खाली ढगांचा थर वर येतोय. ढगात शिरण्याआधी टाकी भरली पाहिजे. रन-वे संपायच्या आत गाडी थांबवायची असते, तसं इथे आकाश संपायच्या आत भरायचं.

गूस ग्रीनच्या लढाईत पॅराशूट रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचे कर्नल एच. जोन्स मारले गेले, तेव्हा त्यांच्या जागी आलेले डेव्हिड चाँडलर असेच आले. असेन्शनवरून हर्क्युलिसने त्यांना नेलं, वाटेत इंधन घेतलं आणि बेटांजवळ समुद्रात, पॅराशूटने, ब्रिटिश जहाजाशेजारी सोडलं. बटालियनचा प्रमुख थंड अटलांटिकमध्ये उडी मारून कामावर रुजू झाला. युद्ध संपल्यावरही तीनेक वर्षं, १९८५ मध्ये माउंट प्लेझंटचा नवा विमानतळ सुरू होईपर्यंत, हर्क्युलिसनीच तो पूल चालवला. फॉकलंडच्या राजधानीत, स्टॅन्लीला, हवा बिघडली तर बारा तासांच्या प्रवासानंतर तसंच मागे फिरायचं आणि आणखी बारा तास. पुढे ब्रिटिशांनी काही हर्क्युलिसनाच टँकर केलं. हर्क्युलिसला हर्क्युलिस भरणार म्हटल्यावर वेगाचं भांडण मिटलं, घसरगाडीची गरज उरली नाही.

आता आपल्याकडे येऊ. सभागृहात काही माजी सैनिक बसलेत, ते यासाठीच थांबले असतील.

मार्च २०२४. सोमाली चाच्यांनी पळवलेलं एमव्ही रुएन हे जहाज आपल्या नौदलाने अरबी समुद्रात घेरलं, भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे २६०० किलोमीटरवर. हवाई दलाच्या एका सी-१७ ने दहा तासांचं उड्डाण करून तिथे दोन रबरी बोटी आणि नौदलाचे मार्कोस कमांडो पॅराशूटने समुद्रात उतरवले. सतरा खलाशी सुखरूप सुटले, पस्तीस चाचे शरण आले. आयएनएस कोलकाता त्यांना घेऊन २३ मार्चला मुंबईत आली आणि त्यांना मुंबई पोलिसांच्या ताब्यात देण्यात आलं. छाती भरून यावी अशी कामगिरी. पण मघाचा हिशेब आठवा. दोन बोटी आणि काही कमांडो म्हणजे विमानाच्या मानाने ओझं नगण्य, म्हणून एवढं लांब जाऊन येणं जमण्यासारखं होतं. तेवढ्याच अंतरावर पन्नास-साठ टन माल टाकून यायचा असता तर?

तर हवेत भरावं लागलं असतं. आणि इथे मला मनापासून काही सांगायचं आहे. आपल्याकडे टँकर आहेत. सहा आयएल-७८, २००३ पासून, आग्र्याची ७८ वी स्क्वाड्रन. उत्तम विमानं, तीन ठिकाणांहून नळी सोडतात, दोन पंखांखालून आणि एक शेपटीजवळून, आणि पूर्वी जिथे तोफवाला बसायचा त्या शेपटातल्या खोलीत इंधन देणारा बसतो. पण तिन्ही ठिकाणी नळी आणि टोपली. आणि आपलं सी-१७? त्याच्या डोक्यावर खोबण आहे. आपलं सी-१३०जे, म्हणजे हर्क्युलिसचीच नवी आवृत्ती, ज्याने २०१३ मध्ये लडाखमधल्या दौलत बेग ओल्डीला उतरून दाखवलं आणि २०२३ मध्ये सुदानच्या वादी सैय्यिदनाच्या अंधाऱ्या धावपट्टीवरून १२१ माणसं आणली? त्यालाही खोबणच. नौदलाचं समुद्रावर टेहळणी करणारं पी-८आय? खोबण. खोबणीला दांडा लागतो, आणि हवाई दलाच्या सहाही टँकरांपैकी एकालाही दांडा नाही. विहिरीला पाणी आहे, घरात घागरही आहे, पण घागरीच्या गळ्यात दोर अडकवायला कडीच नाही.

यात कुणाचा दोष काढण्यात अर्थ नाही. टँकर एका देशाकडून, एका काळात, लढाऊ विमानांसाठी घेतले. मालवाहू विमानं दुसऱ्या देशाकडून, दुसऱ्या काळात. प्रत्येक खरेदी आपापल्या जागी बरोबर होती. पण मालवाहू विमानाची इंधनाची गरज हा प्रश्न कुणाच्या टेबलावर स्वतंत्रपणे आला नाही, असं मला वाटतं. मार्च २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने वैमानिकांच्या सरावासाठी एक केसी-१३५ टँकर भाड्याने घेण्याचा करार केला. केसी-१३५ हे मूळचं दांड्याचं विमान. म्हणून त्या बातमीने मला आनंद झाला. जुलै २०२० मध्ये आपली पहिली राफेल आली तेव्हा फ्रान्सच्या ज्या ए-३३० टँकरने त्यांना वाटेत भरलं, त्याला दांडाही आहे आणि नळ्याही आहेत. आपला पुढचा टँकर कुठलाही असो, त्याला दोन्ही असायलाच हवं, हे मी जिथे संधी मिळेल तिथे बोलत राहणार.

आपल्या माणसांना जमेल का, ही शंका तर मनातून काढूनच टाका. २०१७ मध्ये नेत्र विमानाने आयएल-७८ कडून पहिल्यांदा इंधन घेतलं. नेत्र म्हणजे पाठीवर रडार वाहणारं विमान, मूळ सांगाडा ब्राझीलच्या एम्ब्राएर प्रवासी जेटचा. चपळ फायटर नव्हे. लांब, जड, सावकाश वळणारं. त्याच्या नाकावर प्रोब बसवला आणि आपल्या वैमानिकांनी तो डोलणाऱ्या टोपलीत नेऊन बसवला. हवाई दलाने तेव्हा सांगितलं होतं, दहा मिनिटं इंधन घेतलं की ते विमान आणखी चार तास वर राहू शकतं. दहा मिनिटांत चार तास.

मागून एक चिठ्ठी आली आहे. विचारलंय, "भरून झाल्यावर सुटका कशी करतात? कुणी बटण दाबतं का?"

नाही, बटण नाही. घेणारा फक्त थोडा मंद होतो. मागे पडतो. रहाट नळी सोडत जातो, सोडत जातो, आणि नळी पुरी संपली की पुढे ताण बसतो. तो ताण ठरावीक झाला की टोपलीतली कडी आपोआप उघडते आणि प्रोब बाहेर येतो. त्या क्षणी नळीच्या तोंडाशी राहिलेलं पेलाभर इंधन मोकळं होतं आणि मागच्याच्या काचेवर फवारा उडतो. वैमानिक वायपर लावतो. काच पुसली जाईपर्यंत टँकर डावीकडे वळू लागलेला असतो, फ्लॅप वर घेत, आपल्या नेहमीच्या वेगाकडे.